ओसरीवरून : बाहेरचा माणूस

गेल्या महिन्यांत एका भगिनींचें पत्र आलें. त्यांच्या धाकट्या चिरंजीवांस जपानांत नोकरी मिळाली असून सूनबाई व पांच वर्षांचा नातू हीं मागाहून जावयाचीं आहेत. "मास्तर, आपण तेथें तीन महिने राहून आलां आहां असें या सदरांत एकदां ओझरतें वाचलें होतें. फूजी पर्वत आणि देवळें यांचें वर्णन नको, तें पुस्तकांतून मिळतें. बिऱ्हाड कसें मिळतें, केर कोठें टाकतात, पोर शाळेंत काय खातें, तें लिहा," असें त्या लिहितात. प्रश्न संसारी माणसाचे आहेत आणि म्हणूनच उत्तर देणें सोपें नाहीं, विशेषतः तिसऱ्याचें. तेव्हां क्रमानेंच जातों.

सन २०२४ च्या एप्रिलापासून जूनअखेरपर्यंत आम्ही उभयतां तोकियो शहरांत चिरंजीवांकडे होतों. नातलगांच्या भेटीस जाणाऱ्यांस तेथील सरकार फार तर ९० दिवसांचा परवाना देतें. आम्हीं त्यांतील एकही दिवस वांया घालविला नाहीं. चिरंजीव संगणकाच्या कामांत असून आठ वर्षें तेथें आहेत. त्यांचें बिऱ्हाड शहराच्या पूर्व अंगास, एदोगावा नांवाच्या विभागांत, निशि-कासाई स्टेशनाजवळ आहे. हा भाग भारतीयांचा म्हणून तेथें सर्वांस ठाऊक आहे. सन २००० च्या सुमारास संगणकांतील सालाच्या आंकड्यांचा घोळ निस्तरण्यासाठीं आपल्याकडील जे अभियंते तेथें गेले, त्यांस शहराच्या पेढ्यांच्या भागांत नेणारी तोझाई नांवाची आगगाडी येथून सोयीची पडे, म्हणून ते येथें राहिले. त्यांच्यामागून डाळ-तांदळाचीं दुकानें आलीं, शाळा आल्या. सन २०१९ मध्यें तर आपल्याच मराठी मुलखांतून गेलेले आणि जपानी नागरिकत्व घेतलेले श्री. योगेंद्र पुराणिक हे या विभागाच्या सभेवर निवडून आले. असें असलें तरी एकंदर जपानांत आपले लोक मूठभरच. सन २०२४ अखेर तेथें परदेशी रहिवासी सुमारें ३७ लाख ६९ हजार होते. त्यांत भारतीय ५० हजारांहून थोडे अधिक.

परदेशी माणसास बोलतांना तेथें 'गाइजिन' म्हणतात. सरकारी शब्द 'गाइकोकुजिन' असा आहे. त्याचा अर्थ बाहेरच्या देशाचा माणूस. बोलण्याच्या घाईंत मधला 'देश' गळतो आणि 'बाहेरचा माणूस' एवढेंच उरतें. आम्हां शास्त्र्यांच्या भाषेंत हा मध्यमपदलोप झाला. शब्दांत शिवी नाहीं असें चिरंजीव म्हणतात; तथापि सभ्य माणसें तो तोंडावर उच्चारीत नाहींत, यावरून काय तें समजावें.

आतां बिऱ्हाड. चिरंजीव प्रथम गेले तेव्हां एका दलालाच्या कचेरींत जाऊन बसले. दलाल फार अदबीचा. त्यानें चहा दिला, घरांचे नकाशे दाखविले, एक घर पसंत पडल्यावर मालकास यांच्यासमक्ष फोन केला, आणि फोन ठेवून, मान लववून सांगितलें कीं, मालक बाहेरचा माणूस घेत नाहींत. दुसऱ्या घराच्या बाबतींतही हेंच झालें. हा त्यांच्या एकट्याचा अनुभव नव्हे. तेथील न्याय खात्यानें परदेशी रहिवाशांची पाहणी करून सन २०१७ मध्यें ती प्रसिद्ध केली. त्यांत, मागील पांच वर्षांत घर शोधणाऱ्यांपैकीं शेंकडा सुमारें ३९ जणांनीं, आपण परदेशी म्हणून आपणांस नकार मिळाला, असें सांगितलें आहे. शिवाय अनामत रक्कम, जामीन राहाण्यास कोणी माणूस किंवा कंपनी, आणि 'रेइकिन' म्हणून मालकास आभारादाखल द्यावयाची व कधींही परत न मिळणारी रक्कम, असा खर्च असतोच. भगिनींनीं चिरंजीवांस एवढें अवश्य कळवावें कीं, यू. आर. या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या सरकारी पाठबळाच्या संस्थेच्या इमारती आहेत. तेथें रेइकिन नाहीं, जामीन नाहीं, आणि मिळकत व कागदपत्र पुरे असले म्हणजे माणूस कोणत्या देशाचा हें आड येत नाहीं. निशि-कासाईंत आपले लोक जमले, त्याचें हेंही एक कारण. घर मिळाल्यावर १४ दिवसांच्या आंत विभागाच्या कचेरींत नोंद करावी लागते. तेथें मात्र कोणी अडवीत नाहीं.

"त्या मालकांचा तुम्हांला राग आला नाहीं का?" असें मीं चिरंजीवांस विचारलें. ते म्हणाले, "आला कीं. पण बाबा, आपल्या वाड्यांतलें मागचें बिऱ्हाड आपण कोणाकोणाला देत होतों?"

त्यावर मीं चष्मा पुसला.

केराचा प्रश्न त्या मानानें सोपा, पण फजिती माझी तेथेंच झाली. जळणारा केर आठवड्यांतून दोनदां. न जळणारा त्याहून क्वचित्. कागद, बाटल्या, डबे यांचा वार निराळा. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीचें बूच काढावयाचें, वरचें वेष्टण सोलावयाचें, ती आंतून विसळावयाची, मग ती टाकण्यास योग्य होते. आपल्याकडे इतके संस्कार पुष्कळदां जित्या माणसासही लाभत नाहींत. सर्व कांहीं सकाळीं ८ च्या आंत नेमल्या जागीं ठेवावयाचें आणि कावळ्यांसाठीं वर जाळें पांघरावयाचें. सूनबाईस मदत व्हावी या सद्धेतूनें आल्याच्या तिसऱ्याच दिवशीं मीं एक पिशवी खालीं नेऊन ठेवली. दुपारीं दार वाजलें. तळमजल्यावर राहाणारी एक वृद्ध बाई, माझ्याहून दहा वर्षांनीं तरी वडील, ती पिशवी दोन्ही हातांत धरून, कमरेंत लवून, पुनःपुन्हां क्षमा मागत उभी. पिशवीवर केर नेणाऱ्यांनीं चिठ्ठी चिकटविली होती. वार चुकला होता. चूक माझी, पिशवी माझी, जिने ती चढून आलेली, आणि क्षमाही तिनेंच मागावयाची! चौतीस वर्षें मुलांच्या वह्यांवर लाल शाई ओढली, पण चूक दाखवितांना असा संकोच मला कधीं वाटला नव्हता.

सौ.नें दुसऱ्या दिवशीं तिला डबाभर शंकरपाळे नेऊन दिले. तिसऱ्या दिवशीं डबा परत आला, तो रिकामा नव्हे. रिकामें भांडें परत करूं नये ही रीत त्या लोकांतही पाळतात, हें पाहून सौ.ला माहेरचें माणूस भेटल्यासारखें झालें. डब्यांत तांदळाच्या भाजक्या चकत्यांचा एक सुबक पुडा होता. सूनबाईनें संवयीप्रमाणें पुड्यावरील मजकुरावर मोबाईल धरला, आंत कोळंबी. सौ.नें तो पुडा उघडला नाहीं आणि फेंकलाही नाहीं. स्वयंपाकघरांतील वरच्या फळीवर तो तीन महिने तसाच होता. पुढें त्या दोघींचा स्नेह जडला. एकीस जपानी येत नाहीं, दुसरीस मराठी; तरी तासतासभर बसून काय बोलत, तें त्या दोघी जाणोत.

एका रात्रीं आमचे सर्वांचे मोबाईल एकदम ओरडूं लागले आणि पाठोपाठ घर हललें. त्याच वर्षाच्या १ जानेवारीस नोतो द्वीपकल्पांत मोठा भूकंप होऊन पुष्कळ माणसें गेलीं होतीं, त्यामुळें सौ. आधींच धास्तावलेली. हलणें थांबतें न थांबतें तोंच दारांत तीच बाई, हातांत विजेची बत्ती. तिनें बोटानें आम्हांस मोजलें, पांच भरल्यावर मान हालविली, आणि उतरून गेली.

याच एदोगावा विभागाची एक गंमत सांगितली पाहिजे. येथील सुमारें ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखालीं आहे. सन २०१९ मध्यें विभागाच्या कचेरीनें पुराचा नकाशा छापून घरोघरीं दिला. त्याच्या मुखपृष्ठावरच 'येथें राहूं नका' अशा अर्थाची ओळ आहे. मोठा पूर येण्याचा संभव दिसतांच विभाग सोडून दूर जा, असा तिचा भावार्थ. चिरंजीवांनीं ती ओळ वाचून दाखवितांच सौ. म्हणाली, "आपल्यालाच सांगतात का?" नाहीं, सर्वांसच सांगतात. घरचा आणि बाहेरचा यांस एकच वाक्य लागू पडलेलें मला तेवढेंच एक आढळलें.

मला स्वतःला त्या शहरांत परकें वाटूं नये याला एक कारण घडलें होतें. नातीच्या खोलींत भिंतीवर जपानी मुळाक्षरांचा तक्ता होता. मीं तिला वाचावयास सांगितलें. "आ, इ, उ, ए, ओ," ती म्हणूं लागली, "का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा." मी खुर्चींतून उठलों. हा तर आपला वर्णक्रम! आधीं स्वर, मग कंठापासून ओठांपर्यंत येणारीं व्यंजनें, शेवटीं अंतःस्थ. चवर्गाच्या जागीं 'सा' आणि पवर्गाच्या जागीं 'हा' आहे. पैकीं 'हा'चा प्राचीन उच्चार 'पा' असा होता, असें त्यांचेच पंडित सांगतात. बौद्ध भिक्षूंनीं संस्कृत मंत्रांसाठीं सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्यांतून ही मांडणी तेथें रुजली. शेजारच्या एका देवळामागें स्मशानभूमि आहे. तेथें थडग्यांमागें उंच लांकडी फळ्या उभ्या असतात. त्यांस 'सोतोबा' म्हणतात. शब्द आपला 'स्तूप'च. फळीवर वरून खालीं पांच अक्षरें. मी वांकून पाहत असतां तेथील वृद्ध पुरोहित आले आणि एकेक अक्षर दाखवून म्हणाले, "क्या, का, रा, बा, आ." मीं म्हटलें, "ख, ह, र, व, अ." आकाश, वायु, अग्नि, जल, पृथ्वी! त्यांनीं मला पुन्हां म्हणावयास लाविलें, मग स्वतः म्हणून पाहिलें, आणि आंत नेऊन चहा दिला. त्या दिवशीं मी जमिनीपासून चार बोटें वर चालत होतों.

परत येतांना गाडीला गर्दी होती. मला बसावयास जागा मिळाली. दोन स्टेशनें गेलीं, चार गेलीं. माणसें दाटीवाटीनें उभीं, आणि माझ्या शेजारची जागा रिकामी. कोणी टाळतें आहे असें दिसत नव्हतें. सर्वांच्या नजरा आपापल्या मोबाईलांत. मीं हळूच कोटाची बाही हुंगून पाहिली, फोडणीचा वास येतो कीं काय. पुढें हा अनुभव आणखी तीन-चार वेळां आला. "ते लाजतात हो, आपण इंग्रजींत कांहीं विचारूं ही भीति त्यांना वाटते," असें सूनबाई म्हणते, आणि तें खरेंही असेल. कारण रस्ता विचारला असतां हींच माणसें आपलें काम टाकून ठिकाणापर्यंत पोहोंचवावयास येतात. पण बाही हुंगली ती हुंगलीच.

आतां भगिनींचा तिसरा प्रश्न. जपानी शिक्षणाविषयीं आपल्या वाडवडिलांपासून आदर आहे. तोकियो येथें सन १९०१ मध्यें निघालेल्या स्त्री-विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका महर्षि कर्वे यांच्या हातीं पडली, आणि सन १९१६ मध्यें त्यांनीं आपलें विद्यापीठ काढलें, हें वाचकांस ठाऊक आहेच. परदेशी मुलांवर तेथें शाळेची सक्ति नाहीं. पण विभागाच्या कचेरींत अर्ज केला म्हणजे सरकारी शाळेंत फीवांचून घेतात. अर्ज न केला तर मूल सुटून जाण्याचा संभव असतो, हें ध्यानांत ठेवावें. आपले पुष्कळ लोक मुलांस तेथील भारतीय शाळांत घालतात. चिरंजीवांनीं मात्र कन्येस चालत जाण्याजोग्या जपानी शाळेंत घातलें. त्या वर्षीं तेथील साकुरा उशिरां फुलला होता, त्यामुळें पहिलीच्या प्रवेशसमारंभास झाडें बहरांत सांपडलीं. सहा वर्षांचीं पोरें पाठीवर घट्ट चामडी दप्तर बांधून, पिवळ्या टोप्या घालून, आईबापांवांचून शाळेंत चालत जातात.

शाळेंत शिपाई झाडलोट करीत नाहीं, मुलें करतात. रोज ठराविक वेळीं फडकीं घेऊन, गुडघे टेंकून, वर्ग व व्हरांडे पुसतात, आणि गुरुजीही त्यांत असतात. आमच्या शाळेंत केर काढावयास लावणें ही शिक्षा होती. मीं स्वतः किती मुलांस ती दिली असेल त्याची गणती नाहीं.

दुपारचें जेवण वर्गांतच. पाळी असलेलीं मुलें पांढरे झगे आणि टोप्या घालून मोठाल्या भांड्यांतून सर्वांस वाढतात. गुरुजींसह सर्व एकच अन्न जेवतात. आणि येथेंच आपल्यासारख्या घराची अडचण सुरू होते. मांस दिसतें, तें वगळतां येतें. पण 'दाशी' म्हणून जो पाया रस त्यांच्या बहुतेक पदार्थांत असतो, तो वाळविलेल्या माशाचा असतो. भाजी, सार, नूडल्स, कशांतही तो असावयाचाच. डोळ्यांस न दिसणारा. याच देशांत सन ६७५ मध्यें तेम्मु बादशहानें गाय, घोडा इत्यादींच्या मांसावर बंदी घातली होती, आणि मैजी बादशहानें गोमांस खाल्ल्याचें सन १८७२ मध्यें जाहीर झालें, तेथपासून रीत उघडपणें पालटली. पण मासा मध्यंतरींही कधीं सुटला नव्हता. देवळांतून भिक्षूंचें शाकाहारी जेवण अद्यापि मिळतें, त्यांत समुद्रवनस्पतीचा व अळंब्यांचा रस घालतात. तें उत्तम असतें आणि रोज परवडणारें नसतें.

शाळेंतून महिन्याचा जेवणाचा तक्ता, घटकांसह छापलेला, घरीं येतो. सूनबाई त्यावर खुणा करी आणि पहाटे पांचला उठून त्या दिवशींच्या शाळेच्या जेवणासारखेंच दिसेल असें कांहीं करून डब्यांत भरी. तेथें तळलेला मासा, तर आपल्या डब्यांत तसाच तळलेला सोयाबीनच्या पनीराचा तुकडा. पोरीचें ताट निराळें दिसूं नये, एवढ्यासाठीं हा खटाटोप. मुलांनीं एकमेकांस खाऊ देऊं घेऊं नये असा तेथें नियम आहे, कारण कांहीं मुलांस अंडें, दूध, शेंगदाणा असे पदार्थ बाधतात. तेव्हां तिनें कोणाचें घेऊं नये आणि तिचें कोणी घेऊं नये.

मे महिन्यांत एके दिवशीं पहिलीच्या पालकांस जेवणाच्या वेळीं वर्गांत बोलाविलें होतें. सूनबाईबरोबर मीही गेलों. नेमकी त्या दिवशीं नातीची वाढण्याची पाळी. पांढरी टोपी भुंवयांपर्यंत ओढलेली, तोंडावर फडकें, हातांत डाव. माशाच्या रसाचें सार ती एकेकाच्या वाडग्यांत, एक थेंब न सांडतां वाढीत होती. आमच्या कुळांतील कोणत्याही स्त्रीनें आजवर हें वाढलें नसेल. सर्वांस वाढून झाल्यावर ती आपल्या जागीं बसली, डबा काढला, आणि सर्वांबरोबर हात जोडून, अन्नास म्हणावयाचा तो शब्द म्हणून, जेवूं लागली. मला तें दृश्य फार आवडलें. घरीं येऊन मीं तें सौ.ला रंगवून सांगितलें.

रात्रीं निजतांना नात म्हणाली, "आजोबा, ती शेजारची मुलगी मला विचारते, तुला कसला आजार आहे?"

वर्गांत आणखी दोन मुलें घरचा डबा आणीत. त्यांस अंडें बाधतें. मुलांच्या हिशेबानें डबा म्हणजे आजार.

"मग तूं काय सांगितलेंस?"

"मीं हो म्हटलें. तें सोपें आहे ना."

मीं तिला थोपटून निजविलें, पण मला झोंप आली नाहीं. सन १९६६ च्या सुमारास आमच्या गांवच्या शाळेंत माझ्या वर्गांत गांवकुसाबाहेरच्या वस्तींतील एक मुलगा होता. घटनेनें अस्पृश्यता नाहींशी होऊन सोळा वर्षें झालीं होतीं. वर्गांत तो आमच्याच रांगेंत बसे. पण मधल्या सुट्टींत पाणी प्यावयाचें तें शाळेला लागून असलेल्या आमच्या वाड्यांत. आम्ही मुलें माठांतून पेल्यानें पीत असूं; तो पायरीखालीं ओंजळ धरून उभा राही आणि कोणी तरी वरून ओती. बहुधा तें काम माझें, कारण घर आमचें. आजी दारांतून पाही, आणि तो गेला म्हणजे पायरीवर पाणी शिंपडी. मीं त्याला कधीं चिडविलें नाहीं, हात आखडता घेतला नाहीं. उलट भरपूर ओतलें, आणि आपण चांगलें काम करतों असेंच मला वाटे. त्या वर्गांतील बाकीच्या सर्व मुलांचीं नांवें मी आजही हजेरीच्या क्रमानें म्हणूं शकतों. त्याचें येत नाहीं. त्याला आम्ही नांवानें हांक मारीत नसूं.

दुसऱ्या दिवशीं रविवार होता. नातीचें बोलणें मीं घरांत सांगितलें आणि मग जें व्हावयाचें तें झालें. चिरंजीव म्हणाले, "खाऊं दे तिला सगळें. मी तरी कचेरींत किती विचारतों?" हें सौ.ला नवें होतें. ती उठून आंत गेली. सूनबाई म्हणाली, "पहाटे पांचला मी उठतें, माझें मत कोणी विचारीत नाहीं." विचारल्यावर मात्र ती म्हणाली कीं, तिलाही ठाऊक नाहीं, डबा करण्याचा कंटाळा नाहीं, पण पोरीनें खोटें सांगावें हें तिला सोसत नाहीं. मी वडील माणूस. सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. मीं निर्णय दिला नाहीं, तो ओंजळीचा प्रसंग सांगितला. सौ.नें तो प्रथमच ऐकला. बेचाळीस वर्षांच्या संसारांत मीं तिला तो कधीं सांगितला नव्हता. दडवावा म्हणून नव्हे, सांगण्याजोगें त्यांत कांहीं आहे असें मला वाटलेंच नव्हतें.

नात कोपऱ्यांत चित्र काढीत होती. तिचें लक्ष नाहीं असें आम्ही समजत होतों. ती म्हणाली, "आजोबा, त्या मुलाला कसला आजार होता?"

"कांहीं नव्हता," मीं म्हटलें.

"मग?"

या 'मग'चें उत्तर तीन मोठ्या माणसांसमोर एका मुलीस द्यावयाचें होतें. मीं दिलें, जसें आलें तसें. तें येथें लिहीत नाहीं. वाचकांपैकीं ज्यांस द्यावें लागेल ते आपलें आपण देतील.

पुढील आठवड्यांत सूनबाई शाळेंत जाऊन बाईंस भेटली. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें, लिहून घेतलें, आणि क्षमा मागितली. तो त्या देशाचा श्वासच आहे. व्यवस्था अशी ठरली कीं, भात, दूध, फळें हीं नातीनें शाळेचींच घ्यावीं, बाकीचें घरचें. आणि ताटासारखें दिसण्याचा खटाटोप बंद. थालिपीठ तर थालिपीठ. एके सकाळीं बाईंनीं तिला वर्गापुढें उभें केलें व डब्याविषयीं सांगावयास लाविलें. काय सांगितलेंस, असें विचारतां ती म्हणाली, "मला आजार नाहीं असें सांगितलें. आमच्या घरीं मासे खात नाहींत, आणि तुमच्या घरीं खातात, असें." एका मुलानें विचारलें कीं, मग तुला वास येतो का आमचा? ती म्हणाली, येतो. सगळीं हंसलीं म्हणे.

मोठी झाल्यावर ती काय खाईल तें मी सांगूं शकत नाहीं. चिरंजीव म्हणतात तें होईल असें वाटतें, आणि तें मला रुचेल असें नाहीं. भगिनींस एवढेंच लिहितों कीं, नातवाचा डबा अवश्य करावा. पण डबा कां, हें त्याला जावयाच्या आधीं घरींच सांगून ठेवावें, आणि आपणांस तें सांगतां येतें कीं नाहीं, हें त्याच्यासमोर बसण्यापूर्वीं एकदां पाहावें.

जूनच्या शेवटीं, पावसाची झिमझिम चालू असतां, आम्ही निघालों. तळमजल्यावरची बाई छत्री घेऊन फाटकापर्यंत आली आणि गाडी वळेपर्यंत लवून उभी राहिली. विमानतळावर सामानाचें वजन जास्त भरलें, म्हणून सौ.नें पिशवी उघडून दोन पुस्तकें आणि माझी एक शाल चिरंजीवांच्या हातीं परत दिली. तेव्हां पिशवीच्या तळाशीं मला तो कोळंबीच्या चकत्यांचा पुडा दिसला. सध्यां तो आमच्या फडताळांत, लोणच्याच्या बरणीपासून जरा दूर, ठेवलेला आहे.